पगडीतली मावशी

लग्नात मामा लागतोच. आचारी पळून गेला तर दुसरा मिळतो, बँडवाले आले नाहीत तर मोबाइलवर सनई लावता येते, नवरदेवाचे बूट तर चोरीला जाण्यासाठीच असतात. पण गौरीहरापुढे बसलेल्या मुलीला उठवून बोहल्यावर आणायचं काम मामाचंच. मुलगी पिवळी साडी नेसून, मुठीत तांदूळ घेऊन बसून राहते आणि गुरुजी बाहेरून ओरडतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" जिला सख्खा मामा नाही तिच्यासाठी चुलत, मावस, लांबचा, जवळचा, कुठला तरी मामा हुडकून काढतात आणि त्याला पगडी घालून उभा करतात.

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या देवश्रीच्या लग्नात हुडकाहुडकीची खरं तर गरज नव्हती. मामा घरातच होता आणि रोज सकाळी तिच्या शेजारी बसून पोहे खात होता. अडचण इतकीच की चार वर्षांपूर्वीपर्यंत तो तिची मावशी होता.

या माणसाचं नाव जयू. त्याला आपण पहिल्यापासून 'तो'च म्हणू. कुणाला खटकलं तर खटकू दे. जयूला स्वतःला चाळीस वर्षं जे खटकत राहिलं, त्यापुढे हे खटकणं म्हणजे काहीच नाही.

जयूचे वडील तात्या हेडमास्तर होते, आणि रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्यातला हेडमास्तर काही रिटायर झाला नव्हता. समोरचा चुकला की तात्यांना राहवत नसे. दुकानाच्या पाटीवरची चूक ते दुकानदाराला बाहेर बोलावून दाखवत. सत्यनारायणाला गुरुजींनी एखादा श्लोक गाळला तर तात्या डोळे मिटल्या मिटल्या तो पुरा करत, आणि गुरुजी दक्षिणा घेताना त्यांच्या नजरेला नजर देत नसत. अशा माणसाच्या घरी जयू जन्मला, मुलगी म्हणून. आठ वर्षांचा असताना शेजारच्या गौरीकाकूंनी नवरात्रात कुमारिका म्हणून पाटावर बसवलं, पाय धुतले, डोक्यावर लाल चुनरी घातली. जयूने हातातली पुरी घेऊन जी धूम ठोकली ती थेट गच्चीवर. खाली बायका हसत होत्या, "अशी काय ग ही, मुलासारखी!" वर जयू पुरी खात विचार करत होता की मुलासारखी कशाला, नुसतं मूल म्हटलं तर काय बिघडेल.

मुलगी, ताई, पुढे बाई, मॅडम, एकेक शब्द आला तो लहान मापाच्या चपलेसारखा टोचतच आला. जयूने ते सगळे घातले आणि लंगडत चालत राहिला. एकच शब्द बरोबर बसला, आणि तो फार वाईट वेळी आला.

जयूची थोरली बहीण सुमन काविळीने गेली. देवश्री तेव्हा चार वर्षांची. सुमनचा नवरा सुमीत बँकेत, आज सागर तर उद्या कटनी, त्यामुळे पोर आजोळी उज्जैनलाच राहिली, तात्यांकडे आणि जयूकडे. भेटायला येणाऱ्या बायका पदराने डोळे पुसत म्हणायच्या, "माय मरो आणि मावशी जगो, म्हणतात ते उगीच नाही हो." बावीस-तेवीस वर्षांचा जयू ते ऐकून आत निघून जायचा, कारण आत देवू जागी झालेली असायची आणि 'माऽऽशी' म्हणून हाका मारायची. त्या हाकेत बाई असणं फार थोडं होतं आणि देवू पुष्कळ होती. म्हणून तो शब्द जयूला कधी टोचला नाही. तिच्या वेण्या घालायला तो शिकला, शाळेच्या टायची गाठ शिकला, तापात रात्ररात्र कपाळावर घड्या ठेवायला शिकला. स्थळं यायची तेव्हा "देवूला कोण बघणार?" एवढं म्हटलं की प्रश्न मिटायचा. लोकांना तो त्याग वाटे. जयूला ती सुटका वाटे, आणि तसं वाटल्याबद्दल सुमनच्या फोटोसमोर थोडी शरमही वाटे.

पोटापाण्यासाठी त्याने बायकांना स्कूटर शिकवायचा क्लास काढला. कोठी रोडवर सकाळी गर्दी नसते. तिथे साडीचा पदर खोचलेल्या, सलवारची ओढणी गाठलेल्या बायका हँडल घट्ट धरून निघायच्या आणि जयू मागून कॅरियर धरून पळायचा. "आगे देखो आगे! पहिये को मत देखो, वो कहीं नहीं जा रहा!" पाटीवर लिहिलेलं असे, 'सिर्फ महिलाओं के लिए, महिला प्रशिक्षक'. निम्म्या फ्रीगंजच्या सुना जयूने रस्त्याला लावल्या.

देवश्रीला इंदूरला नोकरी लागली, ती रोज जाऊन-येऊन करू लागली, आणि एका रविवारी जयूने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला माहीत होतं ग," आणि जीभ चावली. दोघंही हसली आणि मग दोघंही रडली. पुढे इंदूरचे डॉक्टर, औषधं, घोगरा झालेला आवाज, विरळ का होईना पण दाढी, कागदांवर जयश्रीचा जयंत. घरात मात्र जयूच. नाव ठेवताना तात्यांनी नकळत तेवढी सोय करून ठेवली होती.

क्लास अर्थातच बसला. काल मॅडमकडे खुशाल पाठवणाऱ्या नवऱ्यांना आज सरांकडे बायको पाठवायची नव्हती, मग माणूस तोच का असेना. पाटी पुसावी लागली. मग एके दिवशी निहारिका नावाची जुनी शिष्या आपल्या सासूला मागे बसवून आली आणि म्हणाली, "सर, मैडम, आप जो भी हो, मेरी सास को बैलेंस सिखा दो। ये और किसी के हाथ में हैंडल नहीं देंगी।" सासूबाईंनी जयूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "गिराओगे तो नहीं?" त्यांच्यापासून क्लास पुन्हा हळूहळू उभा राहिला.

तात्यांचं मात्र अवघड झालं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, घराबाहेर काढलं नाही. त्यांनी जयूला 'अरेतुरे' करायचंच सोडून दिलं. "आपण चहा घेणार का?" "आपलं जेवण झालं?" शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांशी बोलावं तसं पोटच्या पोराशी बोलू लागले. चुकीचं बोलायचं नाही आणि बरोबर बोलायला जीभ वळत नाही, म्हणून त्यांनी ही मधली वाट शोधली होती. जयूला कळत होतं. तरी रोज सकाळी चहाच्या वेळी ते 'आपण' ऐकलं की तो कप उचलून गच्चीवर जायचा.

असं सगळं कसंबसं जागेवर बसत होतं, तेवढ्यात देवश्रीचं लग्न ठरलं. मुलगा विहंग तिच्याच ऑफिसातला, घराणं देवासचं. पूर्वज तिथल्या दरबारात चाकरीला होते, आणि घरात अजून त्या काळची शिस्त. विहंगचे आजोबा भय्यासाहेब ऐंशीच्या घरात. त्यांच्याबद्दल असं ऐकलं होतं की पंगतीत मीठ चुकीच्या बाजूला वाढलं तर ते ताटावरून उठतात. देवश्रीने विहंगला जयूबद्दल पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. मोठ्यांना मात्र कुणी काही बोललं नव्हतं. मुलीची आई नाही, घरी वडील, आजोबा आणि 'जयू' आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

सुमीत एका संध्याकाळी मुद्दाम रतलामहून आला. सुमीत माणूस वाईट नाही, फक्त भित्रा. रस्ता ओलांडतानासुद्धा गाडीवाल्याला सॉरी म्हणेल असा. त्याने घसा चारदा साफ केला.

"जयू, तू समजून घे यार. मामा म्हणून हर्षलला उभा करू. इंदूरचा आपला, तात्यांचा पुतण्या. तू आहेसच ना गार्डनमध्ये सगळं बघायला. फक्त पुढे नको. ते देवासचे लोक, कुणी काही विचारलं, भर मांडवात तमाशा झाला तर देवूला जन्मभर ऐकावं लागेल."

तात्या पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

जयू म्हणाला, "हो. बरोबर आहे तुझं."

बरोबर काय होतं, कपाळ! लग्न ठरलं त्या दिवसापासून जयूच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. आपण देवूला गौरीहरावरून उठवतो आहोत आणि बोहल्यावर नेऊन उभी करतो आहोत. मामाने द्यायची पिवळी साडी त्याने टावर चौकातल्या दुकानातून केव्हाच आणून ठेवली होती. गंमत बघा, तो बाईच राहिला असता तर या लग्नात त्याला काही जागाच नव्हती. हळद लावायची सवाष्णींनी, ओटी भरायची सवाष्णींनी, कन्यादान करायचं जोडप्याने. बिनलग्नाच्या मावशीने कमरेला किल्ल्या लावून आहेर मोजायचे आणि आचाऱ्याला साखर काढून द्यायची. बावीस वर्षं वाढवलेल्या मुलीच्या लग्नात हक्काची जागा मिळण्याची वेळ आली ती मामा म्हणून. आणि तीसुद्धा आता जोधपुरी कोट शिवून घेतलेल्या हर्षलकडे गेली.

देवश्रीला कळलं तेव्हा ती तडक जयूला स्कूटरवर मागे घालून टावर चौकात घेऊन आली. घरात भांडायचं नसलं की ती दोघं तिथे येत. भुट्ट्याच्या किसाची प्लेट हातात धरून ती म्हणाली, "मी बाबांशी बोलते. मला नाही चालणार हर्षलमामा. त्याला माझं पूर्ण नावसुद्धा येत नाही."

"काही बोलू नकोस. टेंशन मत ले. मी आहे ना तिथेच."

"तिथेच म्हणजे कुठे? पार्किंगमध्ये?"

जयूने तिच्या प्लेटवर लिंबू पिळलं. प्लेटमधला चमचा फिरवत ती हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? रागावशील?"

"सांग."

"मी आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. मामा. जयूमामा. खूपदा म्हटलं. नाही होत रे. तू हो ना, काय पाहिजे ते हो, मला चालतं. पण तो शब्द तोंडात आला की वाटतं, आई तर एकदा गेलीच. आता मावशीला पण मी स्वतःच्या हातांनी..."

जयूने तिच्या हातातली प्लेट काढून घेतली, कारण ती सांडत होती. "मग नको म्हणू," तो म्हणाला. "घरात मावशीच म्हण. मला तो शब्द कधीच टोचला नाही."

"आणि लोकांसमोर? तुझी दाढी, हा आवाज, आणि मी मावशी म्हणून हाक मारू?"

"लोकांसमोर काहीच म्हणू नकोस. 'ए' म्हण. 'शुक शुक' कर."

ती नाक पुसत हसली. जयूही हसला, पण घरी येताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्याला पुढचं सगळं दिसत होतं. देवू देवासला जाईल. तिथे कुणी विचारलं की हे कोण, तर ती अडखळेल, विषय बदलेल. हळूहळू नातं राहील आणि हाक राहणार नाही. बोहल्यापर्यंत तिला न्यायचं होतं तेही गेलं, आणि मावशी राहायचं होतं तेही चाललं. आपण स्वतःसाठी एक गोष्ट मिळवली आणि तिची किंमत ही पडली, असं त्याला वाटलं. फार एकटं वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवास रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये सीमांतपूजन होतं. वऱ्हाड आलं, गुलाबपाणी शिंपडलं, सुमीतने नवरदेवाचे पाय धुतले. मग व्याहीभेट. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला मिठी मारली, फोटोवाल्याने ती तीन-चारदा पुन्हा मारून घेतली. त्यानंतर मामाचा मान. भय्यासाहेबांच्या घरची रीत अशी की मुलीच्या मामाला मानाचा नारळ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने आपल्या हाताने द्यायचा.

भय्यासाहेब उठले. ताठ, उंच, पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात. हातात नारळ आणि शेला. हर्षल चमकत्या कोटात पुढे सरसावला. भय्यासाहेबांनी त्याला थांबवून विचारलं, "आपण व्हिडिओवाले का? जरा उजेडातून बाजूला व्हा." आणि ते त्याला ओलांडून पुढे गेले, अगदी मागच्या खांबापर्यंत. खांबापाशी जयू उभा होता, एक पाय सैल सोडून, उजव्या हाताची उलटी मूठ कमरेवर टेकवून. भय्यासाहेबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग वळून देवश्रीकडे बघितलं. ती स्टेजजवळ मैत्रिणींत उभी होती. एक पाय सैल, उलटी मूठ कमरेवर.

"वा!" भय्यासाहेब म्हणाले. "कुणी सांगायला नको. पोरगी उभी राहते तीसुद्धा मामाच्या ढबीने. मामासाहेब, लपून काय बसलात?" आणि जयूच्या खांद्यावर शेला घालून, त्याच्या हातांत नारळ देऊन त्यांनी त्याला मिठी मारली.

सुमीतचा चेहरा पीठ झाला. हर्षल तोंड उघडं ठेवून बघत राहिला. आपल्याकडच्या सगळ्या माणसांच्या नजरा तात्यांकडे वळल्या, कारण चूक झाली होती, भर मांडवात झाली होती, आणि तात्यांनी जन्मात एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती. तात्या काठी टेकत उठले. काठी टेकत जयूपाशी आले. भय्यासाहेबांना नमस्कार केला. मग जयूच्या हातांतल्या नारळाखाली आपला हात धरून म्हणाले, "नीट धर. पडेल."

एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. 'धरा' नाही, 'धर'. जयूला रडू फुटलं. भय्यासाहेबांना वाटलं, भाचीच्या लग्नात मामा रडतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात सगळे जयूला मामा-मामा करत होते. मामा, चहा घेऊन घ्या. मामा, पगडी कुठली बांधणार? सुमीत तर आनंदाने हलका झाला होता. "देवाचीच कृपा म्हण ना," तो कुजबुजला. "आता कुणी काही बोलायचंच नाही. झालं ते छान होऊन गेलं." जयूने मात्र पोह्यांची प्लेट तशीच खाली ठेवली. काल मिळालेलं सगळं खरं होतं आणि तरी ते खोट्यावर उभं होतं. उद्या कुठूनतरी कळलं तर देवूच्या माथी फसवणूक लागेल. आणि तसंही, चाळीस वर्षं लपून काढली ती काय आता मांडवात पुन्हा लपण्यासाठी? तात्यांनी एक चूक सोडून दिली होती. ती दुरुस्त करणं आता आपल्याकडे आलं, असं त्याला वाटलं.

भय्यासाहेब लॉनवर एकटेच चहात टोस्ट बुडवत बसले होते. जयू समोरच्या खुर्चीत बसला.

"भय्यासाहेब, काल आपण मला नारळ दिलात. पण मी देवूची मावशी आहे. म्हणजे होतो. म्हणजे अजून आहे." आणि त्याने सगळं सांगितलं.

टोस्ट चहात पडला. भय्यासाहेबांनी तो चमच्याने काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "म्हणजे ते... टाळ्या वाजवणारे असतात, ते?"

"त्यांचं आयुष्य वेगळं आहे. माणसं तीही आपल्यासारखीच. मी स्कूटर शिकवतो."

"विहंगला ठाऊक आहे?"

"सुरुवातीपासून."

"म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांनाच अंधारात ठेवलंत. हे काही बरं केलं नाहीत." त्यांचा आवाज चढला होता. त्यांनी कप दूर सारला. "पोरगी चार वर्षांची असल्यापासून कुणाजवळ होती?"

"माझ्याजवळ."

"तिच्या ताप-खोकल्याला कोण उठत होतं?"

"मी."

"हूं," म्हणून भय्यासाहेब उठले आणि आपल्या लोकांच्या खोल्यांकडे निघून गेले. जयूने पगडी बांधली नाही. खोलीत येऊन त्याने हर्षलला सांगितलं, "कोट घालून ठेव."

मुहूर्त जवळ आला. विहंग बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी हाळी दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" कुणी हललं नाही. हर्षल जयूकडे बघत होता, जयू सुमीतकडे, सुमीत छताच्या झुंबराकडे. गुरुजी पुन्हा ओरडले. तेव्हा पहिल्या रांगेतून भय्यासाहेब उठले, मागे वळले, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामासाहेब! काल नारळ घेतलात ना? आमच्याकडे दिलेला नारळ परत घ्यायची पद्धत नाही. आणि पगडी कुठाय? असे बोडक्याने जाणार की काय?"

पगडी तात्यांच्या मांडीवर होती. कधी उचलून आणली होती कुणास ठाऊक. त्यांनी ती जयूच्या डोक्यावर ठेवली, पुढून बघितली, जरा डावीकडे सरकवली. थोडी चूक होती ती दुरुस्त केली.

गौरीहराच्या खोलीत बायकाच बायका होत्या. विहंगची आई तेजस्विनीबाई ओटीचं सामान घेऊन दाराशीच उभ्या होत्या. पाटावर पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, मुठीत तांदूळ घट्ट धरून देवश्री बसली होती. दारात पगडी घातलेला माणूस आला तसं तिने वर बघितलं. सगळ्या जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. जयूलाही कळलं की ती आरशासमोर घोकलेला शब्द शोधते आहे. 'ए' म्हण, त्याने मनातल्या मनात तिला विनवलं, शुक शुक कर, काहीही कर.

देवश्रीचे ओठ हलले, थांबले. मग तिचा चेहरा चार वर्षांच्या पोरीसारखा झाला आणि ती म्हणाली, "मावशी, पिन टोचतेय."

कुणाच्या तरी हातातलं तबक खणकन वाजलं. एक करवली फस्सकन हसली आणि तिला दुसरीने कोपर मारलं. जयू तसाच गुडघ्यांवर बसला. देवूच्या खांद्यावर पदराच्या चुण्यांत पिन उलटी शिरली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून तिच्या पिना तोच लावत आला होता. त्याने ती काढली, चुण्या पुन्हा जुळवल्या, पण पिन लावायची जागाच त्याला दिसेना. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

तेजस्विनीबाई दारातून आत आल्या. त्यांनी आपल्या पदराची एक पिन काढली आणि जयूपुढे धरली. "दोन लावा मामा," त्या म्हणाल्या. "जरीचा पदर आहे, एकीवर नाही राहायचा."

जयूने दोन पिना लावल्या. मग देवूला हाताला धरून उठवलं आणि पगडी सावरत तिला बोहल्यावर घेऊन आला. मंगलाष्टका होईपर्यंत तो तिच्या मागे खांद्यांवर हात ठेवून उभा होता. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि कितीतरी वेळ लोकांनी टाळ्या वाजवल्या तरी त्याला हात काढायचं सुचलं नाही.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. फुलांची गाडी फाटकाशी आली. देवश्री सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून झाली होती. भय्यासाहेब पुढच्या सीटवर बसून "चला, उशीर होऊन राहिला आहे" म्हणून घाई करत होते. गाडी हलली तशा दोन्ही बाजूंच्या काचा खाली झाल्या. एकीकडून विहंगने डोकं बाहेर काढलं, दुसरीकडून देवश्रीने, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या वऱ्हाडासमोर, देवासच्या आणि उज्जैनच्या, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांसमोर, दोघंही एकदमच ओरडली.

"मामा, येतो!"

"मावशी, पोचले की फोन करते!"

"ओ!" जयूने हात हलवत दोन्ही हाकांना ओ दिली.